सगळ्या भाषा जाणणारं जनावर

निवृत्त झाल्यावर नाकामुरा-साननी घर रिकामं करायला काढलं आणि रणजितच्या गळ्यात एक चिनी धूपदाणी पडली. ऑफिसातल्या वरिष्ठांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाही म्हणायची जपानात सोय नाही. वीतभर उंचीचं जनावर होतं ते. सिंहाचं अंग, कपाळावर एकच शिंग, अंगभर तांब्याच्या तारांचे बारीक कप्पे आणि त्यांत भाजलेला निळा मिना. मुंडकं बिजागरीवर मागे पडायचं. आत उदबत्ती ठेवली की धूर तोंडातून निघायचा.

"याला जगातल्या सगळ्या भाषा कळतात, असं चिनी लोक म्हणतात," नाकामुरा-सान हसत म्हणाले. कावासाकीहून फुनाबोरीच्या आपल्या घरापर्यंत ट्रेनमध्ये ते लचांड मांडीवर घेऊन येताना रणजित मनातल्या मनात चरफडत होता.

त्याच्या वडिलांना, बाळासाहेबांना मात्र ते आवडलं. आई गेल्यावर रणजितने त्यांना पुण्याहून इकडे आणलं होतं. पण म्हातारा दिवसभर गप्प. सहा वर्षांच्या नातीशी, रुचाशी बोलावं, तर तिला मराठीतलं 'आबा' एवढंच यायचं, बाकी सगळं जपानी. त्यांनी जनावर बायकोच्या, लीलावतीबाईंच्या फोटोपुढे ठेवलं. रोज संध्याकाळी त्यात उदबत्ती लावायची आणि मोबाइलवरचं एकच रेकॉर्डिंग ऐकायचं, हा त्यांचा नेम झाला.

रेकॉर्डिंग हॉस्पिटलमधलं होतं. पक्षाघाताचा झटका आल्यावर आईची वाचा गेली ती गेलीच. नुसते घोळलेले आवाज, घरघर. त्यात अर्थ शोधू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बाळासाहेबांचा जीव तिथेच अडकला होता.

"काहीतरी सांगत होती रे ती मला," ते म्हणायचे. "ते कळल्याशिवाय मला सुखाने मरण यायचं नाही." रणजितला भडभडून यायचं, पण तो तरी काय करणार?

त्या रविवारी रुचा जनावराशेजारी पालथी पडून चित्र रंगवत होती. बाळासाहेबांनी रेकॉर्डिंग लावलं.

"अहो, दिवा मालवू नका," रुचा मान वर न करता जपानीत म्हणाली. "तुमचा चेहरा दिसू दे मला."

रणजितचा चहा हिंदकळला. 'अहो'साठी तिने वापरलेला शब्द जुन्या वळणाच्या जपानी बायका नवऱ्याला हाक मारताना वापरतात. त्यांच्या घरात तो कधी कुणी उच्चारला नव्हता.

"कोण म्हणतंय असं?" त्याने जपानीत विचारलं.

"आजी." तिने रंगीत पेन्सिल जनावराकडे केली. "हा सांगतोय."

"काय म्हणते पोर?" बाळासाहेबांनी विचारलं. रणजितने सांगितलं.

"ती ओरडायला लागली की मला वाटायचं, उजेडाचा त्रास होतोय," बाळासाहेब म्हणाले. "मीच उठून दिवा मालवायचो रे. रोज." आणि म्हातारा लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं. धूर निघतच होता. रुचाने पेन्सिल खाली ठेवली आणि ती कान देऊन ऐकू लागली.

बाळासाहेब जनावराच्या तोंडाशी वाकले. "अगं, चुकलं माझं. ऐकू येतंय का तुला?"

"आवाज येतो म्हणते," रुचा जपानीत म्हणाली. "पण आबा काय बोलतात ते तिला कळत नाही. नुसतीच घरघर येते म्हणते."

"काय म्हणाली? सांग ना," बाळासाहेब रणजितकडे वळले.

रणजितने कप खाली ठेवला. "ऐकू येतंय म्हणते, बाबा."

बाळासाहेबांचा चेहरा फुलला. कित्येक महिन्यांनी फुलला. मग ते बोलतच सुटले. दुखरे गुडघे, इथला चिकट भात, तिच्या माहेरची माणसं, सगळं सगळं.

रणजितने उठून खोलीतले होते तेवढे दिवे लावले.

रुचा त्याच्या पायाला बिलगली.

"आजी विचारते, अंधारात घरघर कोण करतंय," ती कुजबुजली. "तिला भीती वाटतेय."