पाठमोरं गाव

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्या ताईच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी पत्त्यांत लबाडी केली की तिचे कान लाल व्हायचे.

हे सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

आणि यात रात्र नाही, अंधार नाही. मागच्या हिवाळ्यातली भर दुपार. लख्ख ऊन.

ताई तेव्हा कॉलेजच्या हँडबॉल टीमची गोलकीपर होती. उत्तरेकडे लांब कुठेतरी स्पर्धा होती. पोरी पहिल्याच फेरीत सपाटून हरल्या. परतीला अवकाश होता, म्हणून सरांनी एक मिनीबस ठरवली. "हरलात ते हरलात, निदान डोंगर तरी बघून घ्या!" सर म्हणजे आडदांड माणूस. शिट्टीपेक्षा आवाज मोठा, पण पोरींवर जीव.

तो भाग फारच ओसाड. खाली नदी, वर नुसते दगड. एका लाकडी पुलापाशी ड्रायव्हरकाकांनी गाडी थांबवली. पलीकडे लहानसं गाव दिसत होतं. काका इंजिन बघत थांबले, बाकीचे जेवायला निघाले.

वाटेत प्रत्येक दरीत पोरींनी ओरडून आपला आवाज परत ऐकला होता. इथेही पुलावर बटाटा ओरडली. बटाटा म्हणजे राखीव खेळाडू, पण तोंडाने कायम मैदानात.

"एऽऽ! कोण आहे का तिकडे? चला की आमच्याबरोबर!"

सगळ्या कान देऊन थांबल्या.

आवाज परत आला नाही...

"गेला वाटतं जेवायला," बटाटा म्हणाली. सगळ्या हसल्या आणि पूल ओलांडला. ताई सवयीप्रमाणे सगळ्यांत मागे होती.

गावात शिरताच एक बाई दोरीवर कपडे वाळत घालताना दिसली. सरांकडे बघून ती छान हसली. मग तिची नजर रांगेवरून मागे सरकत आली...

तिने झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे एक न्हावी दाढी करत होता. त्याने वस्तरा खाली ठेवला, गिऱ्हाइकाची खुर्ची गर्रकन वळवली. फेस लावलेलं गिऱ्हाईक आणि न्हावी, दोघं भिंतीकडे तोंड करून गप्प.

"आपण हरलो ते इथपर्यंत कळलं की काय?" बटाटा पुटपुटली.

या वेळी कोणी हसलं नाही. गल्लीत खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. जे बाहेर सापडले ते पाठ करून उभे राहिले. म्हातारे, पोरं, सगळे.

ताईच्या एक गोष्ट लक्षात आली. पुढच्या पोरी जाईपर्यंत माणसं बघत असायची. ताई जवळ आली की वळायची.

आणि माणसं तिच्याकडे बघत नव्हती.

तिच्या मागे बघत होती...

खानावळीत जाड्या बाईने सरांचं स्वागत केलं, "या, बसा." पोरी आत शिरल्या. शेवटी ताईने उंबरठ्यावर पाय ठेवला आणि बाईच्या हातातला डाव खणकन पडला. ती भिंतीकडे वळली.

"बाहेर व्हा!"

"अहो, पण झालं काय?" सर म्हणाले.

"ज्याला घेऊन आलात त्याला घेऊन चालते व्हा. लवकर!"

"कोणाला? या सगळ्या माझ्या पोरी आहेत!"

बाईच्या मानेवर काटा आलेला ताईला स्पष्ट दिसला.

सगळे बाहेर पडले, तेवढ्यात एका घराच्या माळवदावरून दगड आला. ताईच्या खांद्यावरून मागे गेला.

तो जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.

नुसतं... धप्प. ओल्या पोत्यावर बसावा तसा.

ताई वळणार, इतक्यात खानावळीतली बाई आतून किंचाळली, "पोरी, वळू नकोस! पळ!"

मग काय, सगळ्या जीव मुठीत धरून पळाल्या. पुलावर ताई शेवटची. मागे पावलांचा आवाज अजिबात नव्हता. पण ती पुढच्या फळीवर गेली की मागची फळी पुन्हा करकरायची. तिच्यापेक्षा कितीतरी जड काहीतरी पेलत असल्यासारखी...

ती गाडीत चढली. सरांनी दार ओढलं.

लागेना.

मधे काही नव्हतं. सगळ्यांनी मिळून ओढलं, तरी लागेना.

काकांनी आरशात पाहिलं आणि डोळे गच्च मिटून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "दार लागल्याशिवाय मी गाडी काढणार नाही," ते म्हणाले. ताई रडायला लागली होती.

सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "गप, मी आहे ना." ते खाली उतरले आणि बाहेरून दाराला खांदा दिला.

दार खटकन लागलं.

त्याच क्षणी काकांनी गाडी पिटाळली. पोरींनी रडून गोंधळ घातला, तेव्हा कुठे वळणापलीकडे त्यांनी ब्रेक मारला.

थोड्या वेळाने सर आले. चालत. अगदी हळू. मागे न बघता.

काकांनी आरसा छताकडे फिरवून ठेवला. पुढच्या अख्ख्या प्रवासात सर एक अक्षर बोलले नाहीत.

परत आल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

ताईच्या मनाला ते खात होतं. एक दिवस ती त्यांना भेटायला गेली. सरांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं. सर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. निम्मे झाले होते. त्यांनी टीमची चौकशी केली, बटाटाचं नाव काढून थोडे हसलेही.

"सर, चला जरा गच्चीत. ऊन घ्या." ताई त्यांना उठवायला पाठीमागे हात घालू लागली.

"मागे नको!" सर ओरडले. मग एकदम हळू म्हणाले, "तिथे जागा नाहीये गं..."

ताईने पाहिलं. सर आरामात रेलून बसले होते.

पण त्यांची पाठ भिंतीला टेकलेली नव्हती.

ती चपला कशाबशा अडकवून निघाली.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. सर बरे झालेत, म्हणाल्या. घरभर फिरतात, मैदानावर जातात, पोरांवर ओरडतात.

"कधीपासून, काकू?" ताईने विचारलं.

"अगं, तू येऊन गेलीस ना, त्याच दिवसापासून! तुझा पायगुण बघ."

हे सगळं ताईने काल माझ्या घरी बसून सांगितलं. निघताना मी नेहमीसारखी मिठी मारायला पुढे झाले. दोन्ही हात उचललेही...

पण ते तिच्या पाठीमागे न्यायचा धीर काही मला झाला नाही.