उजवी झडप

शनिवारी सकाळी रंगारी शिडी चढून घड्याळजींच्या माडीच्या खिडकीपाशी पोचला, तर उजवी झडप जागेवर नव्हती. डावी होती. दुपारी गल्ली बचाव समितीच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, खाजगी गुप्तहेराकडे आल्या.

सोमवारी सरकारी पाहणी होती. घरांच्या दर्शनी बाजू मूळ रूपात दिसल्या तरच गल्लीला संरक्षण मिळणार होतं. नाहीतर कोपऱ्यावरचा बिल्डर टपलेला होताच. मूळ रंग हिरवा. वरचे थर खरवडून समिती तो घरोघरी उघडा करत होती. शेवटचं घर घड्याळजींचं. डावी झडप शुक्रवारी हिरवी झाली होती, उजवीवर अजून वरचा निळा रंग होता. तिची पाळी शनिवारी होती.

"बिल्डरच," वाटेत गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. "भाऊजी, यात डोकं कशाला चालवायचं?"

"तू नकोच चालवू. दमशील."

बिल्डरने चहा मागवला आणि हसला. "मला अख्खी गल्ली पाडायची आहे, साहेब. एक फळी नेऊन काय करू?"

रंगारी वैतागलेला होता. बिजागरीच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या, ते स्क्रू काढायला त्याला हातोडी लागली असती. इथे प्रत्येक खाच बारीक टोकाने साफ केलेली होती. लाकडावर ओरखडा नाही, आणि स्क्रू खिडकीत वाटीत ठेवलेले. त्या निळ्या रंगालाही त्याने नावं ठेवली. ओघळ आलेले, ब्रशचे केस चिकटलेले. "हौसेचं काम. आमच्यातला कोणी असा देणार नाही."

घड्याळजी खाली दुकानात होते. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली होती. तरी रंग खरवडायच्या ठरावाला पहिला हात त्यांनीच वर केला, असं बाई कौतुकाने सांगत होत्या. टेबलावर नवी चादर पसरून, स्टुलावर झोपायची उशी घेऊन ते एक घड्याळ उघडत होते.

"उशीवर बसलेत," मेहुणा कुजबुजला. "जावयाचा थाट."

रात्री काही ऐकू आलं नाही, असं घड्याळजी म्हणाले. निळा रंग कोणी दिला होता, असं गुप्तहेराने विचारलं.

"घरातच दिला होता," ते म्हणाले, आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

रविवारी सकाळी गुप्तहेराने बाईंना त्याच दुकानात बोलावलं.

"पाहणी बिघडवायची असती तर चोराने हिरवी झडप नेली असती," तो म्हणाला. "मूळ रंगाचा पुरावा तिच्यावर आहे. त्याने न खरवडलेली नेली. आपण सगळे तळच्या रंगाचा विचार करत होतो. त्याला वरचा हवा होता."

"तो ओघळांचा?" मेहुणा म्हणाला.

"तोच. हौसेने, घरातल्याच कोणी दिलेला. खाचा साफ करणारा हात बारीक कामाचा. आणि बारीक काम करणाऱ्याचं टेबल दोन बोटं जरी वर आलं, तरी हात अवघडतो. मग बैठक वर घ्यावी लागते."

घड्याळजींनी भिंग काढलं, हत्यारं बाजूला केली आणि चादर उचलली. खाली निळी झडप होती.

"तिला रंगाऱ्याचं काम पटायचं नाही," ते म्हणाले. "स्वतःच चढली शिडीवर."

"मला सांगायचं होतंत," बाई म्हणाल्या.

"हात वर केला तेव्हा वाटलं, जमेल. शुक्रवारी डावीची भुकटी खाली पडत होती. ती झाडून घेतली मी. मग उजवीचं नाही जमलं." झडप उचलून बाईंपुढे धरत ते म्हणाले, "गल्ली गेली तर खिडकीही जाईल, हे कळतं मला. घेऊन जा."

रंगारी दारातच उभा होता, हातात खरवडायचा पत्रा घेऊन. बाईंनी त्याला घरी जायला सांगितलं. झडप घड्याळजींनीच त्याच स्क्रूंनी बसवली.

सोमवारी अधिकारी आला. एक झडप हिरवी, एक निळी. त्याने काम अपूर्ण असल्याचा शेरा मारला आणि निर्णय पुढच्या पाहणीवर ठेवला. बिल्डर अजून कोपऱ्यावरच आहे. कधी खरवडायचं ते घड्याळजी सांगतील, असं समितीत ठरलं.

उजवी झडप खरवडायची राहिली आहे.