डाव्या चाकावरचा पत्रा

गाडी कोणाचीही असो, मी आधी तिला टिचकी मारते आणि मग तिच्या माणसाला नमस्कार करते. त्या दुपारी मात्र मी निळ्या गाडीच्या दाराला टिचकी मारायला बोट उचललं, तोच पलीकडून कुणीतरी टक् टक् केलं.

"हा दात ठणठणीत आहे," पलीकडून आवाज आला.

मी मान उंचावून पाहिलं. पांढरा कोट, केस थोडे भिजलेले, कोटाच्या खिशातून डोकावणारा एक कागदी बेडूक... आणि डोळे असे, की पुढचं वाक्य मी विसरले.

"मालाला हात लावायचा नाही," मी म्हणाले. हे ते वाक्य नव्हतं.

"माल माझाच होणार आहे. हा, नाहीतर तो करडा," त्याने शेजारच्या गाडीकडे बोट केलं. "तुम्ही तपासनीस ना? मी लहान मुलांचा दंतवैद्य. आपला धंदा एकच की! ठोकून बघायचं, आवाज ऐकायचा, भरलेलं कुठे आहे ते ओळखायचं."

"आमचे पेशंट रडत नाहीत."

"त्यांचे मालक रडतात," तो म्हणाला, आणि मला हसू आवरलं नाही. कामावर असताना मी हसत नाही. निदान तोपर्यंत हसत नव्हते.

जुनी गाडी घेण्याआधी शहाणी माणसं ती आमच्याकडून तपासून घेतात. आम्ही म्हणजे मी आणि माझा मामा. मामाने मला आठ वर्षं पत्रे ठोकायला लावले आणि मागच्याच महिन्यात माझ्या नावाचा शिक्का करून दिला. त्याचे नियम दोन. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, तेव्हा स्वतः मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. आणि गाडी कशी आहे ते सांगायचं, घ्या की घेऊ नका ते सांगायचं नाही. बाकी सगळी वटवट चालते, असंही तो म्हणायचा, कारण त्याची भाची कोण आहे हे त्याला ठाऊक होतं.

गाड्या दोन्ही एकाच घराण्यातल्या, एकाच नावाच्या, पण स्वभाव अगदी सख्ख्या जावांसारखे. करडी नंतरच्या सालातली. गिअर आपोआप पडणारे, गुबगुबीत सीट, ताकद जास्त, वेगही जास्त. तिच्यात बसून दिवसभर प्रवास करावा आणि उतरताना केसही विस्कटू नयेत. निळी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि शर्यतीच्या ट्रॅकसाठी वेगळी बनवलेली. आत रेडिओ नाही, गालिचा नाही, दार उघडायला मूठसुद्धा नाही. कापडाची एक पट्टी, ती ओढायची. मागची काच पातळ. जे जे काढून टाकता येईल ते सगळं काढलेलं, आणि उरला होता तो हातातला गिअर, पायातला क्लच आणि पाठीमागे धडधडणारं इंजिन. अशा गाड्या मी आयुष्यात तीनच पाहिल्या आहेत. चौथीसमोर मी उभी होते.

"तुम्हाला ही आवडलीय," तो म्हणाला.

"तपासनीसाला आवडनिवड नसते."

"मग तुम्ही मघापासून ती पट्टी कुरवाळताय का?"

मी पट्टी सोडली.

शोरूमच्या मिशीवाल्या मालकाने किल्ल्या दिल्या आणि आम्ही दोन्ही गाड्या फिरवून आणल्या. करडी त्याने चालवली, मी शेजारी. छान चालवली, शांतपणे, वळणावर हात हलके ठेवून. निळीच्या वेळी मात्र तो आपणहून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. "तुम्ही चालवा... मी आवाज ऐकतो." बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, रस्ता ओला होता, म्हणून मी जपूनच निघाले. पण बोगद्याच्या तोंडाशी मोकळा रस्ता मिळाला. मी चौथ्यातून तिसरा टाकला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठ हजारांपर्यंत चढला, आणि ते इंजिन असं काही गायला लागलं की आम्ही दोघंही बोलायचे थांबलो. बोगदा संपल्यावर मी पाहिलं, तर तो रस्त्याकडे बघतच नव्हता.

"समोर बघा," मी म्हणाले.

"समोर तुम्ही बघताय ना?... मग झालं."

परत आल्यावर मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. हे काम कंटाळवाणं असतं. गाडीचे चौदा भाग, चौदा आकडे. कंपनीचा रंग शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या घरात असतो. आकडा फुगला की समजायचं, खाली पुट्टी आहे, म्हणजे कधीतरी मार बसलाय. मी भोवती फिरत होते आणि तो माझ्याशी बोलत होता. पहिल्यांदा दात काढायला आलेल्या मुलांना तो कागदी बेडूक करायला शिकवतो, आणि बेडूक पूर्ण होईस्तोवर दात निघालेला असतो, असं काहीबाही. बोलता बोलता तो निळीच्या मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला टेकला, हाताची घडी घालून. मी तिथवर आले. मला फक्त म्हणायचं होतं, जरा बाजूला व्हा. तीन शब्द. पण तो इतक्या जवळ होता, कोटाला लवंगेचा आणि पावसाचा वास येत होता, आणि... मी त्याला वळसा घालून पुढे गेले.

संध्याकाळी अहवाल भरताना एक चौकट रिकामी दिसली. मागचा डावा. उजवीकडे एकशे अठरा आलं होतं. गाडी नखशिखांत निर्मळ होती. डावीकडेही तेवढंच असणार. मी एकशे अठरा लिहिलं, शिक्का मारला आणि अहवाल पाठवून दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा मी न मोजलेला आकडा लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्याचा निरोप आला. 'निळी ठरली! पाच वाजता सही करतोय. तुमच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास. या ना पेढे खायला?'

डोळे मिटून. तिथे पुट्टी नसेल, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण असेल तर? मार बसलेल्या ठिकाणी आतला सांधा कमकुवत झालेला असेल तर तो माणूस त्या गाडीत बसून जोरात वळण घेणार होता, माझ्या शिक्क्याच्या भरवशावर. आणि हे कबूल केलं तर शिक्का जाणार, मामाच्या नजरेतून उतरणार, आणि ज्या एका माणसाला मी आवडावी असं वाटत होतं त्याच्यासमोर तोंड काळं होणार. मी यंत्र उचललं आणि मामासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, मी एक आकडा मनाने लिहिला."

मामाने चष्मा काढला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चल," एवढंच म्हणाला, आणि स्कूटर काढली.

आम्ही पोचलो तेव्हा कागद टेबलावर होते आणि त्याच्या हातात पेन होतं. मला बघून तो उठला, असा हसला की माझं धैर्यच गळालं. पण पाय चालत राहिले.

"सही करू नका," मी म्हणाले. "अहवालात एक आकडा खोटा आहे. मागच्या डाव्या चाकावरचा पत्रा मी मोजलाच नाही."

मिशीवाला जागचा उठला. "अहो बाई, काहीतरीच काय! शिक्का आहे ना वर?"

दंतवैद्याचं हसू मावळलं होतं. "का नाही मोजला?"

खोटं बोलायला दहा कारणं होती. यंत्र बिघडलं, उजेड कमी होता, घाई झाली. मी त्यातलं एकही उचललं नाही.

"कारण तिथे तुम्ही टेकून उभे होतात," मी म्हणाले. "तुम्हाला बाजूला व्हा म्हणणं माझ्या जिवावर आलं. तुम्ही हलू नये असं वाटत होतं... बस्. एवढंच कारण आहे, आणि ते फार वाईट कारण आहे."

मामा छताकडे पाहत होता. माझे कान तापले होते, पण मी खाली मान घालून निळीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि यंत्र टेकवलं. सहाशे चाळीस. दोन बोटं सरकवलं, सातशे दहा. मग टिचकी मारली. आवाज आला तो भद्द, ओल्या लाकडाचा. इतकी देखणी गाडी, आणि हे दुखणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मला तिचीही दया आली.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," मिशीवाला खुर्चीत बसत म्हणाला, आणि त्याचा चेहरा पाहून मला ते पटलं.

मामाने माझ्यापुढे हात केला. मी खिशातून शिक्का काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "तीन महिने," मामा म्हणाला. "सांगायला आलीस म्हणून तीन. नाहीतर जन्मभर." मग तो दंतवैद्याकडे वळला. "डॉक्टर, फी परत मिळेल. करडी गाडी मी आज स्वतः बघतो, हवी तर."

"नको," तो म्हणाला.

तो येऊन माझ्याशेजारी जमिनीवरच बसला, पांढऱ्या कोटासकट. त्याने त्या पत्र्यावर बोटाने टक् टक् केलं.

"माझंही ऐका आता," तो हळू आवाजात म्हणाला. "मला क्लचची गाडी चालवता येत नाही. आयुष्यात कधी चालवलेली नाही."

"काय?"

"मी करडीच घ्यायला आलो होतो. मग तुम्ही बोगद्यात तिसरा गिअर टाकलात. तुमचा चेहरा तेव्हा जो दिसला ना... मला वाटलं, ज्या गाडीमुळे एखादं माणूस इतकं सुंदर दिसतं, तीच गाडी बरोबर. तुम्हाला बघून मी गाडी निवडली. म्हणजे तुमची तपासणी माझ्यामुळे बिघडली आणि माझी निवड तुमच्यामुळे. फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कशी? तुमचं काही गेलं नाही. माझा शिक्का गेला."

"म्हणूनच विचारतो," तो म्हणाला. "आता तर तुम्हाला मत द्यायला बंदी नाही. मी कोणती घेऊ?"

आठ वर्षं हा प्रश्न मी परतवून लावला होता. मी मामाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"यातली कुठलीच नको," मी म्हणाले. "करडी चांगली आहे, पण तिच्यात तुम्ही एकदाही हसला नाहीत. आणि निळीच्या जातीची दुसरी मिळेल, निरोगी. शोधावी लागेल. वेळ लागेल."

"तीन महिने?"

"तीन महिने कशाला?"

"कारण मी गाडी घेईन ती तुमच्या सहीची," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची सही मला नको. मामा, राग मानू नका. पण सही व्हायच्या आधी धावत येऊन स्वतःची चूक सांगणारं माणूस मला दुसरं कुठे भेटणार? शिक्का परत मिळेल त्या दिवशी पहिली गाडी माझी तपासायची. तोवर मला क्लच शिकवा."

दिवसभरात आवरून धरलेलं पाणी तेव्हा माझ्या डोळ्यांत आलं. माझं काम म्हणजे मीच आहे; ते मी मातीत घातलं होतं, आणि ज्याला फसवणार होते तोच ते उचलून माझ्या हातात परत देत होता. तो मला कालपासून आवडत होता. त्या क्षणी मात्र मला कळलं की आता यातून सुटका नाही.

"मी शिकवताना फार ओरडते," मी नाक पुसत म्हणाले.

"मी रोज किंचाळणाऱ्या मुलांमध्ये असतो."

मी त्याचा हात धरला, मामासमोर, मिशीवाल्यासमोर. त्याची बोटं उबदार होती आणि त्याने ती लगेच मिटली.

मामाने शिक्का खिशात टाकला आणि स्कूटरची किल्ली काढली. "डॉक्टर, हिला घरी तुम्ही सोडा," तो म्हणाला. "आणि रविवारी सकाळी सातला क्लच शिकायला या, आमची जुनी गाडी आहे. उशीर करू नका, हिला उशीर खपत नाही."