सेबेन येईपर्यंत तरी थांब

ओर्नेला रेडिओच्या खोलीत शिरली तेव्हा तिच्या टेबलाखालून दोन लांबच लांब पाय बाहेर आलेले होते. पायांचा मालक आत कुठेतरी होता, आणि मजेत गुणगुणत होता.

पंखेवाला, तिने ठरवूनही टाकलं. पंखा आठवडाभर नुसता कण्हत होता, आणि किन्शासाच्या लेंबा वस्तीतल्या त्या पत्र्याखाली दुपारी बसायचं म्हणजे तव्यावर बसणंच. दप्तर खुर्चीत टाकून तिने त्या पायांना सांगितलं, की याया — म्हणजे दादा — पंखा वर असतो, खाली नसतो. पाय थबकले. मग केसांत कोळ्याचं जाळं अडकलेला एक मुलगा बाहेर आला. त्याने पंख्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं — तिच्याकडे जरा जास्तच वेळ — आणि मुकाट्याने खुर्चीवर चढून कसलासा स्क्रू आवळला. पंखा भिरभिरायला लागला. मुलगा उतरला आणि पुन्हा टेबलाखाली शिरायला वाकला.

"अजून काही बिघडलंय का, डायरेक्टरबाई?"

तेवढ्यात खरे डायरेक्टर, पापा लुकोकी, आत आले आणि म्हणाले, हा मेशाक, टेकडीवरच्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकतो, तुझ्या गाण्यांसाठीच बोलावलाय. ओर्नेलाला वाटलं, तो पंखा आत्ता डोक्यात पडला तर फार बरं होईल.

तिची गाणी म्हणजे शनिवार दुपारचा नाचाचा कार्यक्रम. तो करणारी ताई लग्न होऊन मताडीला गेली आणि शाळेच्या शेवटच्या वर्गातली ओर्नेला चक्क "मी करते" म्हणाली. गेल्या वर्षीची ओर्नेला वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायची. ही नवी ओर्नेला घरच्या आरशासमोर "म्बोते, लेंबा" असा नमस्कार करायच्या सगळ्या तऱ्हा करून पाहत होती. पापा लुकोकींची अट एकच होती. एका म्हाताऱ्या शौकिनाच्या घरून रेडिओकडे हजारो गाणी आली होती — नाव नाही, गाव नाही. कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर एकेक गाणं ऐकून त्याची लय टिपायचं, म्हणजे मग संथ गाणी एकीकडे आणि नाचाची एकीकडे. पण ऐकायचं इतकं रेंगाळत, की मध्येच करंट जायचा, आणि करंट आला की स्वारी पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू. शुक्रवारपर्यंत हे उरकलं नाही तर शनिवारची वेळ पास्टरसाहेबांच्या प्रवचनाला जाणार होती. ओर्नेलाची पास्टरसाहेबांबद्दल काही तक्रार नव्हती. फक्त तो शनिवार तिचा होता.

मेशाक रोज यायला लागला. तो काम करताना बोलायचा, आणि बोलताना भुवया नाचवायचा. त्याने तिला सांगितलं, की या कॉम्प्युटरला डोकी चार आहेत, पण राबतं एकच, बाकीची तीन पेंगत बसतात. त्याने त्यांना जागं केलं. करंट गेला तरी कुठे थांबलो होतो हे लक्षात ठेवायला शिकवलं. डिस्कची जुनी वायर नुसती ठिबकल्यासारखी गाणी सोडत होती, ती बदलायची म्हणाला.

बुधवारी पाऊस आला. किन्शासात पाऊस आला की कुणी कुठे जात नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून कुणी रागवतही नाही. ओर्नेलाचं घर रेडिओच्या मागेच, म्हणून ती तिथे होती. पत्र्यावर इतका आवाज, की दार वाजलेलंही कळलं नाही. दारात मेशाक. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि नवी वायर मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी ठाक.

"पाऊस पडतोय," ती म्हणाली.

"आलं माझ्या लक्षात," तो शर्टाचं टोक पिळत म्हणाला.

"पावसात कोण येतं कामाला?"

"कामाला? कामाला कुणीच येत नाही."

आणि तो वायर जोडायला बसला. वाक्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला… पोचला तेव्हा कान गरम झाले. मग तिला एकदम आठवलं की कोपऱ्यावरच्या मामां ओदीलबाईंकडे मिकाते तळून झाले असतील, आणि ती त्या पावसात पळालीच. दोघांनी ते गरम गोड वडे शेंगदाण्यांबरोबर खाल्ले. तिने बोटं पुसली, त्याची तेलकटच, म्हणून कॉम्प्युटरच्या कळा तिने दाबायच्या आणि कुठली दाबायची ते त्याने सांगायचं. तो ते तिच्या कानाजवळ सांगत होता. पावसाचा आवाज होता ना, म्हणून.

तेव्हाच त्याने शेवटची युक्ती काढली. अख्खं गाणं ऐकायचंच कशाला? परदेशातल्या मुलांनी लिहिलेलं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पहिलं एक मिनिट ऐकायचं, लय टिपायची, पुढे सरकायचं.

"एका मिनिटात गाणं कळतं?" तिने विचारलं.

"गाणं काय, माणूसही कळतो."

"मग मी काय कळले?"

"हेच, की तुला पंख्यातलं काही कळत नाही."

तिने त्याला शेंगदाणा फेकून मारला. पडद्यावर गाणी भराभरा सरकत होती. आता शनिवार हातात आलाच, तिला वाटलं.

गुरुवारी शाळेतून ती तडक आली. सगळं उरकलेलं. मेशाक खुर्चीत मागे रेलून राजासारखा बसला होता. ओर्नेलाने नाचाची गाणी मागितली… आणि वर आली साबणाची जाहिरात. मग शाळेच्या कवायतीचं गाणं. मग चर्चमधल्या बायकांच्या टाळ्या. ज्या गाण्यांवर लेंबातली लग्नं पहाटेपर्यंत हलत नाहीत, ती सगळीच्या सगळी संथ गाण्यांत जाऊन निजली होती.

तिने त्यातलं एक लावलं. गायक प्रेयसीची विनवणी करत होता, सावकाश, पाय ओढत. विनवणी झाली, दोन सूर लोंबकळले, आणि मग गिटारने उडी मारली, ढोल मागे धावले — खिडकीबाहेरून जाणाऱ्या एका बाईने डोक्यावरची टोपली सांभाळत कंबर हलवूनही घेतली.

"हे काय आहे, मेशाक?"

त्याचा चेहरा पडला. "सेबेन," तो पुटपुटला. आणि जरा वेळाने, "…नुसतं मेशाक? याया कुठे गेलं?"

"याया असता तर सेबेन विसरला नसता."

खरंच होतं ते. आपल्याकडचं गाणं आधी बसून ऐकायचं असतं. उठून नाचायचं ते सेबेनला, गिटार उसळली की. कॉम्प्युटर बिचारा पहिल्याच मिनिटाला उठून गेला होता. मेशाकने कपाळावर हात मारला. परदेशातली गाणी सुरू होतात त्याच लयीत संपतात, आपली नाही, आणि घाईत त्याच्या हे डोक्यातच आलं नाही. जन्मापासून किन्शासात राहून हे विसरणारे आपण पहिलेच, असं तो म्हणाला. हसवायला म्हणाला, पण ती हसली नाही. अख्खं गाणं ऐकवत बसायचं तर आठवडा जाईल. उद्या शुक्रवार. नेमकं त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बोलली.

"त्याला उशिरा बोलवता नाही का येणार?"

"कुणाला?"

"तुझ्या कॉम्प्युटरला. काही पाहुणे लग्नात जेवणं झाल्यावरच येतात ना, नाच सुरू होताना… तसं."

तिने वळून पाहिलं. तो तिच्याकडे असा बघत होता, की केसांत काही अडकलंय का हे तिने हात लावून तपासलं.

"मिनिट एकच," तो हळूच म्हणाला. "फक्त… वेगळं मिनिट. गाणं अर्ध्यापेक्षा पुढे गेल्यावरचं. वेळ तेवढाच लागेल." आणि मग, "ओर्नेला, तू काय आहेस गं."

तो प्रश्न नव्हताच.

शुक्रवारी करंट गेला, आला, आणि कॉम्प्युटर थांबला होता तिथूनच पुढे ऐकू लागला. संध्याकाळी पापा लुकोकी तपासायला आले, यादीतलं पहिलंच गाणं लावायला सांगून हाताची घडी घालून बसले. चेहरा दगडासारखा. पण बूट… बूट हलायला लागला. ते उठले आणि म्हणाले, पास्टरसाहेबांना रविवार आहेच की.

शनिवारी लाल दिवा लागला. "म्बोते, लेंबा," ओर्नेला म्हणाली, आणि आरशासमोरची एकही तऱ्हा आली नाही. आला तो तिचा साधा आवाज, आणि तोच छान वाटला. काचेपलीकडे मेशाक हेडफोन लावून बसला होता. पुढच्या सत्रासाठी त्याचं विद्यापीठात काम होतं, सोमवारपासून इथे यायला कारण उरलं नव्हतं. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांनीही काढली नव्हती.

गिटार उसळली. सेबेनमध्ये नावं पुकारतात; त्याला आपल्याकडे दगड टाकणं म्हणतात, आणि ज्याच्या नावाचा दगड पडतो तो आठवडाभर मान ताठ करून फिरतो. लोकांनी मेसेज धाडले होते. ओर्नेलाने एकेक दगड टाकला, मामां ओदीलच्या नावाचा, टॅक्सीवाल्या बिजूच्या नावाचा, गणिताच्या सरांच्याही. सगळे संपले. गिटार अजून चालूच होती. तिने श्वास घेतला.

"मेशाक," ती माइकमध्ये म्हणाली. "जो पावसात आला."

हे नाव कुणीच धाडलं नव्हतं.

काचेपलीकडचे हेडफोन घसरून गळ्यात आले. तो उठला. लाल दिवा असताना दार उघडायचं नसतं, हे रेडिओतल्या मांजरालाही ठाऊक आहे… त्याने उघडलं.

"परत म्हण," तो म्हणाला.

माइक चालू होता. अख्ख्या लेंबाने ते ऐकलं असणार, आईनेसुद्धा. ओर्नेलाचं बोट माइक बंद करायच्या बटणावर गेलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि दाबायचं सोडून परत आलं.

तिने परत म्हटलं.