'नंदी'चा दोर

मधे बोलू नका, सलग सांगू द्या.

नव्याण्णव साली आमची 'नंदी' टग भंगारात निघाली. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोरानं ओढून नेणारी बोट. एकाहत्तरच्या लढाईत मी तिच्यावर खलाशी होतो, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिहिला, आणि टाईप करायला नाशकात रूपालीच्या दुकानात नेला.

एकाच वाक्यावर गाडी अडली. मी लिहिलेलं, 'मागे दोरानं ओढत आणलेल्या दारूगोळ्याच्या बार्जला आग लागली, दोर तुटला, बार्जवरचा नाथा बुडाला.' छापून आलं, 'दोर तोडला.'

"पोरी, तुटला कर."

तिनं केलं. पुन्हा 'तोडला'. तिसऱ्यांदा तिनं माझ्यासमोर एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर 'तुटला'च होतं. कागद बाहेर आला, तर 'तोडला'. भर दुपारी दुकानात जळक्या डिझेलचा वास सुटला.

"काका... तुम्हाला पण येतोय का?"

मी कागद उचलून निघालो. कारण खरं तेच होतं. नाथा माझ्या शेजारच्या गावचा. तो दोराला धरून आमच्याकडे सरकत येत होता, आणि मला माझ्या जिवाची पडली होती. धुरात बघणारं कोणी नव्हतं. दोरावर कुऱ्हाड घातली. पुढं अठ्ठावीस वर्षं 'तुटला' सांगत आलो. त्याच्या बायकोच्या हातचं जेवलोसुद्धा, लाज वाटली नाही.

तसाच एस्टीनं दिंडोरीला गेलो. त्याची बायको कुसाबाई ओट्यावर चुलीसाठी द्राक्षाच्या काड्या मोडत बसलेली. सगळं सांगून टाकलं. वाटलं, चप्पल काढेल. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"माहीत हाय, भाऊजी."

"कोणी... सांगितलं?"

"त्यांनीच. आत बसलेत, त्यांनाच सांगा. ओले हायेत ना, म्हणून बाहेर येत नायत."

दाराखालून पाणी येत होतं. तिनं उठून तिथं गोणपाट टाकलं, रोजचंच असल्यासारखं.

आतून हाक आली, "लहानू..."

आवाज त्याचाच. आत जाऊन पाय धरायला हवे होते हो. मी पळालो, थेट फाट्यापर्यंत. दुसऱ्यांदा टाकून आलो त्याला.

कुसाबाई वारली त्याला आता दोन वर्षं झाली. घराला कुलूप आहे. पण शेजारची शकुबाई सांगते, ओट्यावर रोज सकाळी गोणपाट पिळून वाळत घातलेलं असतं.