तिसरी हाक

विनयाला एकाच गोष्टीची चीड होती. आठ वर्षांच्या गार्गीला हाक मारली की ती 'ओ' द्यायची नाही, 'हाँ मम्मी' म्हणायची. साताऱ्याच्या आईबापांची पोर आणि हाँ मम्मी. आता यात त्या लेकराचा काय दोष, सांगा बरं. बाप फौजेत, पोर वाढली जयपूरच्या छावणीत, दूधवाल्या भैयापासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळा हिंदीचाच कारभार. पण आईचं मन ऐकतंय होय? तिनं छावणीतल्या मराठी घरांतली पोरं गोळा केली आणि दर रविवारी दुपारी मराठीचा वर्ग सुरू केला.

क्वार्टर्सच्या रांगेच्या टोकाला एक रिकामी खोली होती. पुढं एक दार, मागं एक. मागच्या दाराला कायमची कडी, पलीकडे नुसतं माळरान आणि बाभळी. भुताखेताचं नाव तिथं कुणी कधी काढलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

वर्गात एकच शिस्त कडक. विनयामावशीनं नाव घेतलं की पहिल्या हाकेला 'ओ' आली पाहिजे. नाही आली तर बिस्कीट नाही. दोन महिन्यांत सगळी पोरं तयार झाली. गार्गी मात्र दहातून नऊदा अडखळायचीच.

मे महिन्यातल्या एका रविवारी पोरांनी हट्ट धरला, भुताची गोष्ट लिहायची. विनयानं लग्नाआधी शाळेत शिकवलेलं, तिला हुरूप आला. "भीतीची गोष्ट आधी आखायची, मग लिहायची," ती म्हणाली. खडू घेऊन तिनं फरशीवर ठिकरीच्या खेळासारखी एकापुढं एक घरं आखली. पहिलं जागेचं, दुसरं माणसाचं, पुढची चाहुलीची. रांग नेमकी मागच्या दाराशी जाऊन संपली. "एकानं गोष्टीतला माणूस व्हायचं आणि घराघरातून चालायचं. पुढं काय होतं ते बाकीच्यांनी ठरवायचं. शेवटचं घर मात्र रिकामं ठेवायचं. सगळी भीती त्या रिकाम्या घरात असते."

"जागा मतलब… हीच खोली," आर्यन म्हणाला. तो सगळ्यांत मोठा, म्हणून त्याचं आधी.

"आणि मुलगी गार्गी," अनुश्री म्हणाली. "तिला ना, दरवाजाच्या मागून कोणीतरी बुलावतं. तिची मम्मी. पण मम्मी तर इथं अंदर आहे."

विनयाच्या अंगावर काटा आला, आणि बाईला त्याचा आनंदच झाला. शिकवलेलं रुजतंय म्हणायचं. "आमच्या गावाकडे म्हणतात," ती आवाज उतरवून म्हणाली, "तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ देऊ नये. तिकडचं कुणी असलं तर त्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली तर समजायचं, आपलंच माणूस."

"और ओ दिली तर?" आर्यननं विचारलं.

"मग त्याच्याबरोबर जावं लागतं."

गार्गीनं कपाळाला आठी घातली. "पण मम्मी, तू तर म्हणते… मतलब… पहिल्या हाकेला ओ."

"ते वर्गात गं. हे गोष्टीत."

गार्गी माणसाच्या घरात जाऊन उभी राहिली आणि बाहेर आंधी उठली. जयपूरला मे महिन्यात आंधीचं काय नवल, पण ही आली ती सगळा उजेड गिळूनच. खिडक्या पिवळ्या झाल्या, मग तांबड्या, मग काळ्या. पंखा थांबला. नाकातोंडात माती भरली. भर दुपारी तिन्हीसांज झाली, आणि मागच्या दाराबाहेरून हाक आली.

"गार्गी…"

आवाज विनयाचा होता. विनयाचे ओठ मिटलेले होते.

पोरं अंधारात खुदखुदली. त्यांना वाटलं, मावशी गंमत करतेय. गार्गीच्या चपलेचा आवाज झाला, एक घर पुढं.

"गार्गी… ये गं बाळा…"

चप्पल पुन्हा वाजली. विनयानं अंधारात हात फिरवले, पोर हाताला लागेना. मग कुठल्याही आईनं केलं असतं तेच तिनं केलं. जीव खाऊन ओरडली.

"गार्गी!"

आवाज तोच. हाक तिसरी.

अंधारातून शिकवल्यासारखं स्वच्छ उत्तर आलं. "ओ, आई."

थोड्या वेळानं उजेड फाकला. गार्गी शेवटच्या घरात उभी होती, दाराकडे तोंड करून, केसांत धूळ. कडी जागच्या जागी. विनयानं तिला पोटाशी धरलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी भाकरी करताना गार्गी ओट्याशी आली. "आई, भाकरी करपतीय बघ. ध्यान कुठंय तुझं?"

विनया बघतच राहिली. ना मतलब, ना अडखळणं, साताऱ्याच्या पेठेतलं मराठी. तिनं सरावावर गेलेल्या नवऱ्याला फोन करून कौतुक सांगितलं. आठवडाभर पोरगी पहिल्या हाकेला ओ देत राहिली. विनयाला रात्री नीट झोप लागायची नाही, पण कारण तिनं शोधलं नाही. मागितलेलं मिळालं की माणूस खोलात शिरत नाही.

पुढच्या रविवारी ती गार्गीला घेऊन खोली झाडायला लवकर गेली. झाडत झाडत मागच्या दाराशी पोचली.

"मम्मी…"

दाराच्या पलीकडून. रडून रडून बसलेला आवाज. "मतलब… दरवाजा खोल ना…"

विनयाच्या हातातला झाडू पडला. हात आपोआप कडीवर गेला. तोंडातून ओ निघणार, एवढ्यात मागून शांत आवाज आला.

"आई, लगेच ओ देऊ नये गं. तिकडचं कुणी दोनदाच हाक मारतं. तूच सांगितलंस ना?"

गार्गी शेवटच्या घराच्या पुसट रेघांत उभी होती. तीही कान देऊन ऐकत होती.

"मम्मी…" बाहेरून दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा बारीक.

विनया कडी धरून तिसरीची वाट बघू लागली. पुढच्या दाराशी पोरांच्या सायकली लागल्या, आर्यनचा आवाज आला. आठ दिवस ही खोली बंद होती. या दाराशी किती हाका मारून झाल्या असतील, तेव्हा ऐकायला इथं कोण होतं, हे तिच्या मनात आलं.

बाहेरून तिसरी हाक येत नव्हती. मागं उभ्या असलेल्या पोरीनं हलकेच तिचा पदर धरला.