पंपाच्या दुकानावरची काळी पाटी

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. तेव्हा इंटरनेट घरात यायचं ते टेलिफोनच्या तारेतून, आणि येताना घसा खरवडल्यासारखा आवाज करत यायचं. तुम्हा मुलांना हे सांगितलं की तुम्ही हसता. हसा बापडे. पण त्या आवाजावर माझा जीव जडला होता, आणि त्याला कारण होतं.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. विक्री आणि दुरुस्ती. मी तेहेतीस वर्षांची, दुकानाचे हिशेब आणि फोन सांभाळायची. माझ्या लग्नाचा विषय घरात हवापाण्याच्या विषयासारखा झाला होता – निघायचा रोज, पण त्याबद्दल कुणी काही करायचं नाही.

त्या वर्षी अण्णांच्या मनाने घेतलं, की दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंटरनेटची कंपनी काढायची. "इतकी वर्षं घरोघर पाणी पोचवलं, आता हे पोचवू," असं म्हणून त्यांनी दुकानामागची मोकळी जागा विकायला काढली. जागेत आत्याचाही वाटा होता. तिने सही केली आणि पेन बंद करता करता म्हणाली, "बुडालो तर पंप आहेतच आपल्याकडे."

पण कंपनी काढायची म्हणजे एक मोठा निर्णय होता. गिऱ्हाइकांची ई-मेलची पत्रं, त्यांचे पासवर्ड, त्यांची ये-जा, सगळं सांभाळणारा जो मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घालायची? ती चुकली की गिऱ्हाइकं पळाली, आणि जागा गेली ती गेलीच. एक विकतची सिस्टीम होती, रंगीत चित्रांची. ती विकायला येणारे गृहस्थ भर उन्हातही टाय सोडायचे नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणायचो. त्यांनी ती आम्हाला वापरून पाहायला दिली होती.

एका दुपारी मी काउंटरवर तीच उघडून बसले होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता. एक उंच माणूस आत आला. हातात छत्री होती, पण मिटलेली, आणि खांदे भिजलेले. त्याने एक झिजलेला वॉशर काउंटरवर ठेवला.

"असा मिळेल?" विचारलं वॉशरबद्दल, पण नजर माझ्या पडद्यावर. "काही बदल केलात का आत्ता?"

"एक नंबर बदलला. का?"

"मग आता ती बंद करून पुन्हा चालू करा म्हणेल."

आणि पडद्यावर नेमकी तीच सूचना उमटली. मी वर पाहिलं. तो हसत नव्हता... हसू दाबत होता. त्यात फरक असतो.

"ज्योतिषी आहात का?"

"नाही हो. कॉलेजात सर्व्हर सांभाळतो."

"तुमची सिस्टीम नाही वाटतं असं सांगत?"

"क्वचित. पण ती दिसायला काहीच नाही. नुसती काळी पाटी आणि पांढरी अक्षरं."

"किंमत?"

"फुकट."

"फुकट म्हणजे काहीतरी खोट असणार."

"आहे ना," तो म्हणाला, "तिच्याशी बोलायला शिकावं लागतं."

हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच छत्रीच्या मुठीकडे. मी उगाचच वॉशरचे खोके उघडत बसले. हवा तो वॉशर पहिल्याच खोक्यात होता.

मागे बसून अण्णा हे सगळं ऐकत होते. ग्रीसचे हात पुसत ते पुढे आले, आणि तासाभरात ठरलं, की काळी पाटीही आणायची. दोन्ही मशीन वरच्या मजल्यावर शेजारी शेजारी चालवायची, ओळखीच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी एकीवर, निम्मी दुसरीवर. त्याची कॉलेजातली नोकरी संपतच आली होती. दूरच्या एका शहरात दुसरी ठरली होती, ती सुरू व्हायला अवकाश होता. मधल्या काळात तो आमच्याकडे येणार होता.

अण्णांनी एकच शंका काढली. "टायवाल्यांना फोन केला तर माणूस येतो. तुम्ही गेल्यावर या काळ्या पाटीपुढे कोण बसणार?"

"यांना शिकवतो," माझ्याकडे हात करत तो म्हणाला. "मी लागणारच नाही, इतकं शिकवतो."

"ठीक आहे. पण परीक्षा मी घेणार. कधी ते सांगणार नाही. आणि त्या वेळी तुम्ही बोट लावायचं नाही."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. वरच्या खोलीत एक लांब टेबल, दोन मशीन, भिंतीशी टेलिफोनच्या तारांना जोडलेल्या मोडेमची रांग, सतत लुकलुकणारी. पंखा मशीनसाठी लावलेला, आम्ही दोघं घामाघूम. तो माझ्या हातातून कीबोर्ड कधी घ्यायचा नाही. मी चुकले की फक्त म्हणायचा, "ती काय म्हणतेय ते वाचा." आणि गप्प बसून राहायचा. कुणी मी विचार करत असताना गप्प बसून राहतं, हे मला नवीन होतं. आमच्या घरात सगळे एकमेकांची वाक्यं पूर्ण करायचे.

"ही इतकं तिरसट का बोलते?" मी एकदा वैतागून विचारलं. "टायवाल्यांची बघा कशी, 'स्वागत आहे' म्हणते."

"ही थोडकं बोलते. पण मनात एक आणि पडद्यावर एक असं नाही तिचं."

"तुमच्यासारखी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "माझं... माझं जरा वेगळं आहे."

असं म्हणून त्याने मोडेमची एक घट्टच असलेली वायर पुन्हा घट्ट केली.

आत्या चहा घेऊन वर यायची आणि मशीनला नजर लागेल इतकी टक लावून त्याच्याकडे बघायची. तिने त्याचं नाव पाटीवाले ठेवलं होतं. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाली, "या दुकानात येणारा जाणारा तुला ताई म्हणतो. हा तेवढा म्हणत नाही. आलंय का लक्षात?"

"मग काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही. तेच तर सांगतेय."

त्या दिवसापासून माझं लक्ष उडालं. खरंच, तो मला हाक मारायची वेळच येऊ द्यायचा नाही. टेबलावर बोटाने हलकेच टिचकी मारायचा, की मी बघायची.

आणि तेव्हाच ते दुसरं लक्षात आलं. मी जितकी लवकर शिकेन, तितका तो लवकर जाणार. नाही शिकले तर अण्णा टायवाल्यांची सिस्टीम घेणार, आणि तो तरीही जाणारच. दोन्हीकडून वाट बंद... एका सकाळी तो बॅकअप घ्यायला शिकवत होता, आणि मी म्हणाले, "हे कळलं नाही."

"परवा तर येत होतं तुम्हाला."

"विसरले."

"बरं," तो म्हणाला. आणि त्याने पहिल्यापासून पुन्हा शिकवलं. परवाच्यापेक्षा खूप सावकाश.

अण्णांची परीक्षा एका सोमवारी भर दुपारी आली. पंपाच्या धंद्यात त्यांची एक रीत होती. नवा पंप पूर्ण जोरात चालू असताना मेन स्विच खाली ओढायचा, आणि वीज परत दिली की पंप कसा उठतो ते बघायचं. "चालताना सगळेच ऐटीत चालतात," म्हणायचे, "पडल्यावर उठतो कसा ते बघावं." त्या दिवशी सगळ्या लाइन गजबजलेल्या होत्या. अण्णा वर आले, त्यांनी आधी वीज गेल्यावर मशीन चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या वायरी काढल्या, आणि कुणाला काही कळायच्या आत स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. मोडेमचे दिवे विझले. अशी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

"आता बघू," म्हणत त्यांनी स्विच वर केला.

टायवाल्यांची मशीन लगेच उठली. स्वागत आहे, रंगीत चित्रं, सगळं छान. काळ्या पाटीवर मात्र अक्षरं भराभर सरकली आणि मध्येच थांबली. एक प्रश्न लिहून ती नुसती उभी राहिली.

"पडली ही," आत्या दारातून म्हणाली.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीशी गेला होता, पाठ आमच्याकडे आणि हात मागे बांधलेले. बोटं एकमेकांत इतकी घट्ट, की पांढरी पडली होती.

ती काय म्हणतेय ते वाचा. मी वाचलं. डिस्कवर अमुक ठिकाणी लिहिणं अर्धवट राहिलंय, दुरुस्त करू का? घाबरून सगळ्याला सरसकट हो म्हणू नये, हे त्याने शिकवलं होतं. मी एकेक प्रश्न वाचत गेले, एकेक उत्तर देत गेले. डोकं आश्चर्य वाटावं इतकं शांत होतं. तेवढ्यात खाली फोन वाजायला लागले. लोकांची पत्रं येईनात. काळ्या पाटीवरची माणसं त्यात असणारच, पण निम्मी टायवाल्यांच्या मशीनवरची निघाली. तिचा पत्रांचा भाग उठलाच नव्हता, आणि पडद्यावर सगळं आलबेल. टायवाल्यांना फोन केला तर म्हणाले, उद्या माणूस पाठवतो.

मी शेवटचं उत्तर दिलं. काळ्या पाटीवर अक्षरं पुन्हा धावली, आणि भिंतीशी तिच्या बाजूचा एकेक मोडेम घसा खरवडत जागा झाला.

अण्णांनी आधी एक पडदा पाहिला, मग दुसरा. "एक पडली आणि म्हणाली, मला काही झालं नाही. दुसरी पडली आणि म्हणाली, इथे लागलंय. मला दुसरी चालेल." मग जिना उतरता उतरता, जणू स्वतःशीच, "आपल्या घरात पहिल्या जातीची माणसं फार."

खोलीत आम्ही दोघंच उरलो. तो आपला स्क्रूड्रायव्हर आणि चष्म्याची डबी पिशवीत ठेवू लागला.

"चला. माझं काम संपलं," तो म्हणाला. "तुम्हाला आता माझी गरज नाही."

"नाही," मी म्हणाले.

जन्मभर मला कुणी काही विचारलं की मी सांगत आले होते, काही नाही, बरं आहे सगळं. तेव्हाही तेच ओठांवर आलं होतं. पण समोर ती पाटी होती...

"काल थांबा म्हणाले असते, तर तुम्हाला वाटलं असतं सर्व्हरसाठी थांबवतेय. मलाही तसंच वाटलं असतं," मी म्हणाले. "आज सर्व्हरला तुमची गरज नाही. कुणालाच नाही. तरी तुम्ही जाऊ नये असं मला वाटतंय."

पिशवीचा बंद त्याच्या हातात तसाच राहिला.

"शिकवतो म्हणालो, त्याच दिवशी मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "चांगलं शिकवलं तर जावं लागणार. वाईट शिकवलं तर तुमच्याकडे मान वर करून बघता येणार नाही."

"म्हणून चांगलं शिकवलंत?"

"म्हणून सावकाश शिकवलं."

जिन्यातून आत्याचा आवाज आला, "पाटीवाले, चहा गार होतोय. आणि ती दूरची नोकरी नको म्हणून कळवायचं असेल, तर फोन खाली आहे."

त्याने कळवलं. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

कंपनी दहा-अकरा वर्षं चांगली चालली. मग मोठ्या कंपन्या आल्या, तेव्हा अण्णांनी वेळेवर गिऱ्हाइकं त्यांच्या हवाली केली आणि ते निवांत पुन्हा पंपांकडे वळले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं होतं, की मेन गेला तर तुमचा जनरेटर आपोआप लागतो ना. टायवाले आमच्याकडेच नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत टाय लावून काळ्या पाटीवरचं इंटरनेट विकत राहिले. आत्या जावयाला मरेपर्यंत पाटीवालेच म्हणाली. मागची जागा काही परत आली नाही, पण त्याबद्दल ती एकदाही बोलली नाही.

पहिल्या दिवशीचा तो वॉशर न्यायला तो विसरला होता. त्याच्या घरचा पंप लग्न होईपर्यंत गळत होता. तो वॉशर मीच बसवला.

आता पाटीवाल्यांचं वय झालंय, माझंही. कान अधू झालेत, चष्मा सापडत नाही. गरज आता लागते एकमेकांची, रोज लागते. ती नंतर आली. हे लिहीत असताना आतल्या खोलीतून टेबलावर टिचकी ऐकू आली. हाक अजूनही मारत नाहीत. मोबाइल अडलाय म्हणे.

"बंद करून पुन्हा चालू करा," मी इथूनच सांगितलं.

"तेवढं सोडून दुसरं काही सांग," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "झाला सुरू."